उलट्या कानाची तोफ

१

तोफेला कान असतो. कान म्हणजे दारूला बत्ती द्यायचं भोक, आणि ते तोफेच्या पाठीवर असतं, मागच्या टोकाजवळ. हे कळायला काही शिकावं लागत नाही, गडावर सहलीला गेलेलं पोरही त्यात बोट घालून बघतं. निफाडच्या बाजूला एका द्राक्षबागेत शनिवारी सकाळी जी तोफ उघडी केली, तिचा कान पोटाखाली होता.

मी तिथे नव्हते. असते तर मला हसू आवरलं नसतं आणि उगाच वाईटपणा आला असता. मला हे चैतालीने फोनवर सांगितलं, तेही रडत रडत, त्यामुळे अर्धं दोनदा विचारावं लागलं. त्या बागेच्या मालकांनी वाइन चाखायच्या दालनासमोर एक अंगण बांधलंय. थाट सगळा युरोपातला, रेनेसाँ काळातला, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातला. तिथे त्या काळच्या घडणीच्या सहा तोफा मांडायच्या होत्या. खऱ्या नव्हेत, फायबरच्या. काम अंबडच्या रंगनाथशेठच्या कारखान्याला मिळालं. हे शेठ मूळचे मूर्तिकार, आता देखावे, कमानी, पुतळे असलं सगळं करतात. नमुन्याची पहिली तोफ घेऊन सगळे गेले, ताडपत्री काढली, टाळ्या झाल्या. पाहुण्यांत इटलीहून आलेले एक गृहस्थ होते, त्यांना जुन्या तोफांचा नाद. त्यांनी तोफेच्या पाठीवरून हात फिरवला तर कान लागेना. मग ते गुडघ्यावर बसले आणि खालून बघितलं. भोक खाली, त्याच्या शेजारची राजमुद्राही खाली, दोन्ही फरशीकडे तोंड करून.

त्यातून बाजूला फलक लावलेला, की ही तोफ व्हेनिसच्या एका संग्रहातल्या मूळ रेखाचित्रांवरून बनवली आहे. पाहुणे म्हणाले, माझा जन्म व्हेनिसचा, कोणता संग्रह ते सांगा. कुणालाच सांगता येईना. मालकांचं तोंड काळंठिक्कर पडलं आणि त्यांनी रंगनाथशेठना एक आठवडा दिला: खुलासा करा, नाहीतर बाकीच्या पाच तोफा विसरा.

रंगनाथशेठनी खापर चैतालीवर फोडलं, कारण रेखाचित्राच्या कोपऱ्यातल्या चौकटीत 'काढणार' या शब्दापुढे तिचं नाव छापलेलं होतं. तुला अस्सल चित्रं सापडली नाहीत म्हणून तू घरी बसून खोटी बनवलीस, म्हणाले. आठवड्याअखेर पोलिसात फसवणुकीची तक्रार देणार, म्हणाले. एकदा तसं नाव गेलं की सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कुणी त्या पोरीला दारात उभं करणार नाही.

चैताली भोये माझी विद्यार्थिनी. मी चांगुणा गांगुर्डे, आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनच्या वर्गाला शिकवत निवृत्त झाले. पोरं माझ्यामागे मला काय म्हणायची ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि त्यात फारसं खोटंही नव्हतं. पण माझ्या हाताखालून गेलेल्या पोरीला कुणी खोटारडी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी तिला म्हटलं, रडणं बंद कर आणि नीट सांग.

"मॅडम, ते चित्र मी काढलंच नाही," ती म्हणाली. "आणि आजोबांचे कागद गेलेत. ते ठेवलेली नळी उघडली तर आत काही नाही."

हे आजोबा कोण, ते मला माहीत नव्हतं.

२

ती घरी आली, मी चहा ठेवला, आणि तिने पहिल्यापासून सांगितलं.

रंगनाथशेठनी तिला सांगितलं होतं, त्या काळच्या तोफेची मापांसकट रेखाचित्रं शोधून आण. ऐकायला सोपं वाटतं. इंटरनेटवर तोफांचे फोटो ढीगभर आहेत, पण फोटोवरून माप मिळत नाही. जी रेखाचित्रं होती ती बोटाएवढी, मोठी केली की नुसता धुरळा. गेम बनवणाऱ्यांनी केलेली मॉडेलं दिसायला झकास, पण एकाची जाडी दुसऱ्याला जुळेना. परदेशातल्या दोन संग्रहालयांना तिने ईमेल केले, एकाचं उत्तर आलं की कळवतो, आणि कळवलं कोणी नाही.

मग तिला सुचलं की लष्कराच्या तोफखान्याचं गाव आपल्या उशाशी आहे. तिने देवळालीची बस धरली. कॅम्पच्या बाजारात मोठ्या कागदांच्या प्रती काढणारं एक जुनं दुकान आहे. तिथल्या माणसाने सांगितलं, पूर्वी इथे एक पगारे म्हणून ड्राफ्ट्समन यायचे, रविवारी स्वतःच्या कामाच्या प्रती काढायला, आणि ते काम बहुतेक तोफेचंच होतं. दुकानदाराने घर दाखवलं.

धोंडीराम पगारे, वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी नोकरीत असताना त्यांच्या कचेरीच्या आवारात पितळेची एक जुनी तोफ धूळ खात पडली होती, पोर्तुगिजांकडून आलेली, सोळाव्या शतकातली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं. या माणसाने सुट्टीच्या दिवशी जाऊन तिची इंच न् इंच मापं घेतली आणि ट्रेसिंग क्लॉथवर, म्हणजे मेण दिलेल्या त्या जुन्या झिरझिरीत कापडावर, काळ्या शाईत उतरवली. पुढे तोफ कुणीतरी कुठेतरी हलवली. कुठे, ते त्यांना कधी कळलं नाही. आता त्यांचे डोळे गेलेत, उजेड-अंधार तेवढा कळतो.

त्यांनी चैतालीला ती कापडं दिली. पावती मागितली नाही. दोनच गोष्टी सांगितल्या: काम झालं की परत आण, आणि तोफेशेजारी नाव लावाल तेव्हा माझं लावा. चैतालीने शब्द दिला.

तिने कापडं नकाशे ठेवायच्या नळीत घालून कारखान्याच्या ऑफिसातल्या कपाटात ठेवली, सगळ्यांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी हरसूलला गेली. घरी भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, होती. त्या दिवसांत तिच्या घरचं कुणी सुटत नाही. आई-बापाबरोबर गुडघाभर चिखलात उभी असताना फोनला रेंज कुठली असणार. परत आली तर तोफ बनून, रंगवून, गुंडाळून तयार होती. तिला वाटलं, मला न विचारता केलं, पण केलं तर केलं. नळी कपाटात होती म्हणून तिने उघडून बघितली नाही. उघडली ती शनिवारी, निफाडहून आल्यावर.

मी म्हटलं, मग सरळ त्या पगाऱ्यांनाच शेठसमोर उभं करू. तिने माझा हात धरला. नको म्हणाली. त्यांना अजून माहीत नाही, कापडं सापडल्याशिवाय मी त्यांच्या दारात जाणार नाही. आणि शेठ तर म्हणतात, असा कुणी म्हाताराच नाही, तू बनवलायस. आंधळा माणूस आणून उभा केला तर म्हणतील, शिकवून आणलाय.

तेही खरंच होतं. मी चपला घातल्या.

३

सोमवारी कारखान्यात गेले तेव्हा रंगनाथशेठ भल्यामोठ्या हत्तीच्या सोंडेखाली उभे राहून कुणाला तरी झापत होते. मला बघून मऊ झाले, कारण त्यांचा पुतण्याही माझ्याच वर्गात होता आणि मी त्याला एकदा नापास केलं होतं. त्यांनी मला ऑफिसात बसवलं आणि दुःख सांगितलं. पोरीवर विश्वास टाकला, पोरीने तोंडघशी पाडलं. कॉम्प्युटरला मी हात लावत नाही, चित्र मला वाचता येत नाही, मला माती कळते, म्हणाले. हे सांगताना त्यांना अभिमानच वाटत होता.

मी विचारलं, नळीतली कापडं तुम्ही पाहिली होती का. नाही म्हणाले. नळीत काही होतं यालाच पुरावा काय?

मग मनोजकडे गेले. हा राउटरवर थर्माकोल कापतो, म्हणजे मशीनला चित्र देतो आणि मशीन साचा कापून काढतं. माणूस तुसडा. चैतालीचं आणि त्याचं पूर्वी वाजलेलं होतं. तिच्या येण्याआधी चित्रंही तोच करायचा, आणि ते काम तिच्याकडे गेल्याचा राग त्याने लपवला नाही. पण तोफेबद्दल त्याने स्वच्छ सांगितलं. कॉम्प्युटरमध्ये चित्राची फाइल आली, कोपऱ्यात कंपनीची चौकट, चैतालीचं नाव. कान खाली येतोय हे त्याला खटकलं. चैतालीला फोन लावला, लागला नाही. मग शेठना विचारलं. शेठ म्हणाले, ड्रॉइंगप्रमाणे कर.

"मी डोकं चालवलं की शिव्या बसतात," मनोज म्हणाला. "नाही चालवलं तरी बसतात. मग चित्रात आहे तसं कापलं."

रंगनाथशेठनी हे मला सांगितलं नव्हतं. मी लक्षात ठेवलं.

तिसरी तेजस्विनी. ही आर्किटेक्ट, कारखान्याच्याच ऑफिसात बसते, निफाडचं गिऱ्हाईक तिनेच आणलेलं, अंगणाचा आराखडाही तिचाच. वागायला फार गोड. तिच्या टेबलामागे त्या दालनाचा नकाशा लावलेला होता, इतका स्वच्छ की मी चष्मा लावून बघितला. तिने मला पाणी दिलं, चैतालीबद्दल वाईट वाटतं म्हणाली. आडवळणाच्या गावची मुलगी आहे, शोधून सापडलं नाही, दडपण आलं, घडतं असं, तुम्ही शेठना सांगून तक्रार तेवढी टाळा. नळी कधी उघडली होती का विचारलं तर नाही म्हणाली. माझं काम इमारतीचं, तोफेशी माझा काय संबंध.

शेवटी मी चित्राची छापील प्रत मागितली. तेजस्विनीनेच काढून दिली. एका कागदावर दोन आकृत्या: खाली तोफ बाजूने, तिच्या वर दुसरी आकृती, कान आणि राजमुद्रा दाखवणारी. कोपऱ्यात चौकट, चौकटीत कंपनीचं नाव, चैतालीचं नाव, शंकूची ती नेहमीची छोटी खूण. मापं बहुतेक नीट होती. मापाच्या रेषेच्या टोकांना बाण होते, पण चारपाच ठिकाणी बाणाऐवजी तिरक्या बारीक रेघा मारलेल्या. असला मिश्र कारभार माझ्या वर्गात कुणी केला असता तर मी कागद परत दिला असता.

कागद उजेडात धरून मी दुसऱ्यांदा बघितला आणि खुर्चीत बसले. चैताली दाराशी उभी होती. मी तिला म्हटलं, हे तू काढलेलं नाहीस, आणि ते मी सिद्ध करू शकते.

४

पण लगेच नाही केलं. मला चोर हवा होता, आणि चोर सापडेपर्यंत कापडं सापडणार नव्हती.

मंगळवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी चौघांना ऑफिसात बसवलं. रंगनाथशेठ घड्याळ बघत होते. मी म्हटलं, शेठ, पाच मिनिटं वर्गात बसल्यासारखं बसा, मग तक्रार द्यायला मी स्वतः तुमच्याबरोबर येते.

वस्तू कागदावर दाखवायची तर एक आकृती समोरून काढतात आणि एक वरून. प्रश्न एवढाच, की वरून दिसणारी आकृती कागदावर ठेवायची कुठे. मी शिकले तेव्हा ती वर ठेवायचो. त्याला थर्ड अँगल म्हणतात. नव्वदच्या सुमारास आपल्याकडचा नियम बदलला आणि फर्स्ट अँगल आला: वरून दिसणारी आकृती खाली ठेवायची. त्या पद्धतीत वर जी आकृती असेल ती वस्तू खालून कशी दिसते ते सांगते. मला स्वतःला हे नव्याने अंगवळणी पाडताना घाम फुटला होता, आणि नंतर मी पोरांना ते इतकं घोटून घेतलं की झोपेतून उठवलं तरी चुकायची नाहीत. कागद कोणत्या पद्धतीचा आहे हे कळावं म्हणून कोपऱ्यात ती शंकूची खूण असते.

मी प्रत टेबलावर ठेवली. खूण फर्स्ट अँगलची, कारण कंपनीच्या तयार चौकटीत ती कायमचीच छापलेली आहे. पण आकृत्या मांडल्यात थर्ड अँगलने. कान दाखवणारी आकृती वर, म्हणजे ज्याने ती काढली त्याच्या मनात ती तोफेची पाठ होती. मनोजने खूण वाचली आणि नियमाप्रमाणे ती पोट समजला. मनोज चुकला नाही. चित्रच दोन जिभांनी बोलत होतं.

मनोजने हाताची घडी सोडली.

"आता ही मांडणी कोण करेल?" मी विचारलं. "जो नियम बदलण्यापूर्वी शिकला, तो. चैतालीचा तेव्हा जन्मही नव्हता. तिने घरी बसून खोटी तोफ काढली असती तरी वरून दिसणारी आकृती खालीच ठेवली असती, कारण तिला दुसरं काही येतच नाही. मी शिकवलेलंच नाही. शेठ, तुम्ही म्हणता असा म्हातारा नाही. हा कागद म्हणतो की आहे."

रंगनाथशेठनी कागद हातात घेतला. वाचता येत नव्हता तरी बराच वेळ बघत बसले.

पुढचा प्रश्न, की म्हाताऱ्याच्या आकृत्या स्कॅन करून कंपनीच्या चौकटीत बसवल्या कुणी. ज्याला ती खूण वाचता येते त्याने आकृत्यांची जागा बदलली असती, किंवा खूण बदलली असती. चैताली बदलणार, मनोज बदलणार. दोघांची रोजची भाकरी त्या खुणेवर आहे. म्हणजे बसवणारा असा, ज्याला कॉम्प्युटर येतो पण ती खूण ज्याच्या कामात कधी येतच नाही. शेठना कॉम्प्युटर येत नाही. शेठ 'ड्रॉइंगप्रमाणे कर' म्हणाले आणि माझ्यापासून ते लपवलं, पण ते लाजेपोटी, हे मला त्यांच्या लाल झालेल्या कानशिलांवरून आत्ता कळतंच होतं.

मग मी तिरक्या रेघांवर बोट ठेवलं. जुनी शाई काही ठिकाणी पुसट झाली असणार, म्हणून चारपाच मापं नव्याने टाकली. टाकणाऱ्याने सवयीने टाकली. मशीनचं चित्र काढणारा मापाच्या टोकाला बाण काढतो. तिरकी रेघ मारतात ते घरांचे नकाशे काढणारे. घराच्या नकाशात शंकूची खूण नसते, आकृती जागा असेल तिथे बसवायची आणि खाली नाव लिहायचं, झालं.

मी तेजस्विनीच्या टेबलामागच्या त्या स्वच्छ नकाशाकडे पाहिलं. त्यातल्या प्रत्येक मापाला तिरकी रेघ होती. सगळेच तिकडे बघायला लागले.

५

तेजस्विनीने कांगावा केला नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. पाण्याचा ग्लास हातात घेतला, प्यायली नाही, परत ठेवला.

तिचं म्हणणं असं. गिऱ्हाइकाला परदेशी संदर्भ हवा होता. पहिल्या बैठकीतच मालक म्हणाले होते, काहीतरी इटलीचं दाखवा, लोक फोटो काढतील. आणि चैतालीने आणून काय ठेवलं, तर देवळालीच्या निवृत्त माणसाची कापडं, कोपऱ्यात मोठ्या अक्षरात 'धो. ल. पगारे'. काम मात्र असं सुंदर, की तिने कॉलेजातही पाहिलं नव्हतं. ते नाव बघून मालक काय म्हणतील हे तिला माहीत होतं. म्हणून तिने नाव काढलं आणि व्हेनिस घातलं. तोफेतलं तिला काही कळत नव्हतं, कान खाली गेलाय हे तिलाही शनिवारीच कळलं.

"नाव काढलं म्हणजे काय केलंत?" चैतालीने विचारलं. तिचा आवाज मी इतका शांत कधी ऐकला नव्हता.

मूळ कापडं दालनात काचेत लावायचं तेजस्विनीने परस्पर ठरवलं होतं, जुनी इटालियन कापडं म्हणून. त्यासाठी तिने प्रत्येक कापडाचा खालचा उजवा कोपरा, नाव, तारीख, गाव, सगळं कटरने कापून टाकलं. कोपरे फेकले. कापडं मेन रोडला फ्रेमवाल्याकडे दिली होती. शनिवारनंतर ती परत आणून नळीत ठेवायची हिंमत झाली नाही, कारण कापलेली दिसली असती.

"आणि माझं नाव?"

"ते मी घातलं नाही," तेजस्विनी म्हणाली. "कंपनीच्या चौकटीत ते आधीपासूनच होतं, तूच चौकट बनवलेली. मी फक्त काढलं नाही. आणि शनिवारी गप्प बसले."

मला फार राग आला. कोपरे कापल्याचा आला, त्याहून जास्त त्या 'आडवळणाच्या गावच्या मुलीवर दडपण आलं' याचा आला. मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तिने ऐकून घेतलं.

रंगनाथशेठनी चैतालीची माफी मागितली, आमच्या सगळ्यांसमोर, आणि तक्रारीचा विषय संपवला. कान वर घेऊन नवी तोफ करून देतो, निफाडला काय ते खरं मी सांगतो, म्हणाले. मनोज स्वतः स्कूटरवर जाऊन फ्रेमवाल्याकडून कापडं घेऊन आला. नशीब, अजून चिकटवली नव्हती. प्रत्येकाचा एक कोपरा तेवढा सरळ रेषेत गेलेला.

निघताना शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, बाई, एक सुचवू का. त्या गृहस्थांना दिसत नाही म्हणता. कापडं गुंडाळून ठेवून या, नमस्कार करून या. या वयात त्यांच्या जिवाला कशाला लावायचं? फलकावर त्यांचं नाव लावूच की आपण.

खरं सांगते, मला ते पटलं.

६

देवळालीला बसने गेलो. रस्ताभर चैताली नळी मांडीवर आडवी धरून बसली होती. मी तिला शेठचं म्हणणं सांगितलं आणि माझंही तेच मत आहे म्हटलं. तुझं नाव सुटलं, त्यांची कापडं परत चालली, आता त्या म्हाताऱ्याला कापाकापी सांगून काय मिळणार. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

पगाऱ्यांचं घर दोन खोल्यांचं. दारात आम्ही "जय भीम" म्हटलं तसे ते खाटेवर उठून बसले. त्यांच्या पत्नी नवसाबाईंनी सतरंजी घातली. त्यांनी चैतालीचा आवाज ओळखला आणि चेहरा उजळला. आली का गं, म्हणाले, झाली का तोफ.

तिने नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मांडीवर ठेवली, उघडली नाही, नुसता वरून हात ठेवला. नवसाबाई चहाला आत गेल्या. आता नमस्कार करून उठायचं होतं, एवढंच काम राहिलं होतं. मी पदर सावरला.

"आजोबा, कापडं परत आणलीत, पण तशी नाही आणली," चैताली म्हणाली. "तुमच्या नावाचे कोपरे कापलेत. सगळ्यांचे. मी गावाला गेले होते, कुलूप न लावता ठेवून गेले. तुमच्या नावाच्या जागी इटलीचं नाव लावलं होतं लोकांनी. आता काढलंय. पण कोपरे काही मिळाले नाहीत."

मी खाली बघत बसले. आत स्टोव्हचा आवाज येत होता.

त्यांनी नळी उघडली. मग एक कापड बाहेर काढलं, कडेने बोटं फिरवत फिरवत कोपऱ्यापर्यंत गेले, आणि जिथे कापड संपलं तिथे थांबले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"आमच्या कचेरीत मी काढायचो आणि सही साहेब करायचे," ते म्हणाले. "सगळी नोकरी तशीच गेली. एवढ्याच कागदांवर माझं नाव होतं. म्हणून मागितलं होतं, बाकी काही नाही."

चैताली हुंदका देऊन रडायला लागली. त्यांनी हात पुढे करून तिचं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला. मग नवसाबाईंना हाक मारून खाटेखालची पेटी ओढायला सांगितली. पेटीत आणखी कापडं होती: तोफेचा गाडा, चाकं, दारू भरायचं फावडं, ती ठासायचा गज, सगळं मापांसकट. पहिल्या खेपेला त्यांनी ही पेटी दाखवलीच नव्हती.

"ही पण घेऊन जा," ते म्हणाले. "येऊन सांगणाऱ्या माणसाकडे द्यायला काही वाटत नाही."

चैतालीने डोळे पुसले आणि म्हणाली, आत्ता नाही नेत. तिने पिशवीतून ड्रॉइंगचं काळं पेन काढलं, कापलेल्यांतलं पहिलं कापड फरशीवर पसरलं, आणि उरलेल्या जागेत, राजमुद्रेच्या शेजारी, बारीक पट्टीने दोन रेषा आखल्या. मग विचारलं, आजोबा, पूर्ण नाव सांगा, छोटं नको.

त्यांनी सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आईच्याही. ती एकेक अक्षर मोठ्याने म्हणत लिहीत गेली, म्हणजे त्यांना ऐकू यावं.